बुरशीची मनधरणी

पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीत, चामड्याच्या चपलांवर, कपाटातल्या पुस्तकांवर बुरशी न बोलावता हजर होते. तीच बुरशी प्रयोगशाळेत आणून साखर, पाणी आणि ऊब दिली, तर भराभर वाढते. पण आपल्याला हवी असलेली रसायनं बनवायचं नाव घेत नाही. मातीत तिला जिवाणूंशी, किड्यांशी, शेजारच्या दुसऱ्या बुरशीशी झगडावं लागतं, अन्न पुरवून खावं लागतं. तिची बरीच रसायनं या झगड्यासाठी असतात. काचेच्या बशीत शत्रूच नाही, तर ती शस्त्र कशाला बनवेल? तिला ते बनवायला लावणं ही एक कारागिरीच आहे आणि गेल्या ऐंशीएक वर्षांत औषधशास्त्राने ती हळूहळू आत्मसात केली आहे.

हा खटाटोप कशासाठी, ते औषधांच्या दुकानात गेलं की कळतं. पेनिसिलिन बुरशीचं. अवयव प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात ते सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा पठारावरच्या मातीतून आलेल्या बुरशीचं. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांची सुरुवातही बुरशीपासूनच झाली. जपानच्या सांक्यो कंपनीत अकिरा एन्डो यांनी १९७१ पासून सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासले, तेव्हा कुठे ‘पेनिसिलियम सिट्रिनम’मध्ये पहिलं स्टॅटिन हाती लागलं.

या कारागिरीचा पहिला मोठा कारखाना म्हणजे अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावची सरकारी शेती-संशोधन प्रयोगशाळा. शेतमालाच्या वाढाव्याला नवे उपयोग शोधणं हे तिचं मूळ काम. पेनिसिलिनचं उत्पादन वाढवण्यासाठी मदत मागायला जुलै १९४१ मध्ये ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली तिथे पोचले. ऑक्सफर्डमध्ये हीटली रुग्णालयातल्या बेडपॅनपासून मिळेल त्या भांड्यात बुरशी वाढवत होते आणि इतकं करूनही एका रुग्णापुरतं औषध जमवताना नाकीनऊ येत होते.

पिओरियाच्या अँड्र्यू मॉयर यांनी आधी बुरशीचा आहार बदलला. मक्यापासून स्टार्च काढण्यासाठी दाणे भिजत घालतात, त्याचं उरलेलं दाट पाणी तिथे मुबलक होतं. ते माध्यमात घालताच उत्पादन दहापटीच्या घरात वाढलं. ग्लुकोजच्या जागी त्यांनी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, वापरली. ग्लुकोज बुरशी झटपट फस्त करते आणि ते भरपूर असेपर्यंत पेनिसिलिन बनवत नाही. लॅक्टोज सावकाश पचतं. बुरशी अर्धपोटी राहते आणि कामाला लागते. पुढे फेनिलअ‍ॅसेटिक आम्ल घालून तिच्याकडून नेमकं हव्या त्याच प्रकारचं पेनिसिलिन, ‘पेनिसिलिन जी’, करून घेता येऊ लागलं.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगचा मूळ वाण मोठ्या टाकीत, द्रवात बुडून वाढायला नाखूश होता. त्याच्याहून सरस वाण १९४३ मध्ये पिओरियाच्याच बाजारातल्या बुरशी लागलेल्या खरबुजावर मिळाला. त्यावर कार्नेगी संस्थेत क्ष-किरणांचा आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात अतिनील किरणांचा मारा झाला. जगलेल्या बीजाणूंतून जास्त देणारे निवडायचे आणि पुन्हा मारा करायचा, हा क्रम चालू राहिला. या घराण्यातल्या भरघोस उत्पादन देणाऱ्या वाणांमध्ये पेनिसिलिनच्या जनुकसंचाच्या एकाऐवजी अनेक प्रती असतात, हे पुढे कळलं.

हे सगळं आधीच माहीत असलेल्या रसायनाचं उत्पादन वाढवण्याबद्दल झालं. बुरशी मुळात काय काय बनवू शकते, हा प्रश्न २००५ मध्ये नव्याने उभा राहिला. त्या वर्षी ‘अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स’चा संपूर्ण जनुकपट प्रसिद्ध झाला. ही काही रानातून नुकतीच आणलेली बुरशी नव्हे. जनुकशास्त्रज्ञ तिला अनेक दशकं प्रयोगशाळेत पाळत आले आहेत. तरीही रसायनं बनवणारे पन्नासच्या आसपास जनुकसंच तिच्यात दिसले आणि त्यातल्या बहुतेकांचं उत्पादन कोणी पाहिलेलंच नव्हतं. ते संच नेहमीच्या परिस्थितीत मुके राहतात.

त्यांना बोलतं करण्याची सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे परिस्थिती बदलत राहणं. जर्मनीत ग्योटिंगेनच्या आक्सेल त्सेक यांच्या गटाने तिला शिस्तशीर पद्धतीचं रूप दिलं: जीव तोच ठेवायचा आणि माध्यम, हवा, तापमान, भांड्याचा आकार एकेक करून बदलायचा. अवघ्या सहा सूक्ष्मजीवांकडून त्यांनी शंभरावर संयुगं मिळवली. प्रत्यक्ष काम अगदी साधं दिसतं. चंबूत तांदूळ आणि पाणी घालून १२१ अंशांवर निर्जंतुक करायचं, गार झाल्यावर बीजाणू सोडायचे आणि तीन-चार आठवडे चंबू हलवायचाही नाही. भात रंगीत, घट्ट ढेप होऊन बसतो. त्यावर एथिल अ‍ॅसिटेट ओतून अर्क काढायचा, आटवायचा आणि यंत्रावर त्याचा आलेख घ्यायचा. शेजारी बटाट्याच्या पातळ माध्यमात हलत्या चंबूत वाढवलेल्या त्याच बुरशीचा आलेख ठेवला की दोन्हींतले उंचवटे जुळत नाहीत, म्हणजे संयुगं वेगळी आहेत. नवा उंचवटा दिसला म्हणून हुरळून जायचं नसतं. तो भातातूनच आलेला असू शकतो. म्हणून बुरशी न घातलेल्या भाताचा अर्कही तपासावा लागतो. ओक्लाहोमा विद्यापीठातल्या रॉबर्ट सिचेविझ यांच्या प्रयोगशाळेत तर बुरशीला न्याहारीचे चिरिओज खाऊ घालतात.

दुसरी युक्ती शेजारी आणून बसवण्याची. जर्मनीतल्याच येना इथल्या हान्स क्नोल संस्थेत आक्सेल ब्राखागे आणि सहकाऱ्यांनी ‘निड्युलन्स’ला मातीतल्या ५८ जिवाणूंबरोबर वाढवून पाहिलं. २००९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: त्यातल्या एकाच जिवाणूने तिचा एक मुका संच जागा केला. मध्ये पडदा घालून दोघांना वेगळं ठेवलं तर काहीच घडत नव्हतं. जिवाणूचे तंतू बुरशीच्या तंतूंना प्रत्यक्ष चिकटावे लागत. त्यातून मिळालेल्या पदार्थांपैकी लेकॅनोरिक आम्ल एरवी शैवाकांत सापडतं. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच शैवाकांपैकी.

तिसरी युक्ती थेट पेशीच्या आत हात घालते. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असली की जनुकं वाचली जात नाहीत. सिचेविझ यांच्या गटाने २००८ मध्ये ही गुंडाळी सैल करणारी रसायनं माध्यमात मिसळून बुरशीकडून नवी संयुगं काढली. येनाचा जिवाणूही बुरशीच्या हिस्टोनांमध्ये बदल घडवूनच आपलं काम साधतो, हे नंतर उघड झालं.

या वाटेवर निराशाही भरपूर आहे. नवं म्हणून हाती आलेलं संयुग बऱ्याचदा जुनंच निघतं. खरोखर नवं असलं तर मिळतं काही मिलिग्रॅम. त्यातून औषधापर्यंत पोचणारं क्वचितच एखादं.

महाराष्ट्राचं या विषयाशी जुनं नातं आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अत्यवस्थ असताना पेनिसिलिन विमानाने मागवावं लागलं होतं आणि गांधीजींच्या विरोधामुळे ते दिलं गेलं नाही. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, त्याच पुण्याजवळ पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पुढे पेनिसिलिन इथे बनू लागलं.

आज पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा आणि आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. नव्या औषधासाठी नवं रान तुडवावं लागतं, असा आपला समज असतो. ‘निड्युलन्स’ने तो खोटा ठरवला आहे: जी बुरशी पुरती ओळखीची वाटत होती, तिच्याकडेही सांगण्यासारखं बरंच शिल्लक होतं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीत नमुने गोळा करायला जरूर जावं. पण त्याआधी या संग्रहांतल्या जुन्या वाणांना नव्या परिस्थितीत वाढवून पाहावं. त्यासाठी लागणारा तांदूळ महाग नाही.