आधी खांद्यावरचे जू उतरवा

"डॉक्टरसाहेब, अंगात त्राणच राहिलं नाही. एक सलाईन लावा." उमरग्यात दवाखाना चालवणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हे वाक्य नवीन नाही. सुगी आटोपली की शेतकरी म्हणतो, निवडणुकीची ड्युटी संपली की गुरुजी म्हणतात, आजारी सासूचे वर्षभर करून दमलेली सूनही म्हणते. ताप नाही, खोकला नाही. पण सकाळी उठतानाच माणूस थकलेला.

आधी सलाईनचा हिशेब पाहू. साध्या सलाईनच्या 500 मिलीच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. ग्लुकोजच्या 5 टक्क्यांच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच चमचे. ज्वारीच्या एका भाकरीतून याहून जास्त शक्ती मिळते. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल, तर सलाईन जीव वाचवते. वर्षानुवर्षांच्या दगदगीचा थकवा त्याने जात नाही.

हा थकवा कसला?

न्यूयॉर्कमधील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 साली याला 'बर्नआउट' म्हटले. मोफत दवाखान्यात मनापासून सेवा करणारे कार्यकर्तेच काही महिन्यांत कोमेजताना त्यांनी पाहिले होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये याची व्याख्या केली. हा स्वतंत्र आजार नाही. कामाचा ताण सतत राहिल्याने आणि त्यावर उपाय न झाल्याने आलेली ही अवस्था आहे. तिच्या खुणा तीन : शक्ती आटणे, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. आपल्याकडे 'जीव विटला' म्हणतात, ते हेच.

आपल्या आशाताईंचे काम पाहा. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. गरोदर बाईची नोंद, बाळाची लस, क्षयरोग्याच्या गोळ्या, एकामागून एक सर्वेक्षणे. 2020 मध्ये कोरोनात लोक दारे लावून बसले, तेव्हा त्या घरोघर फिरल्या. शिवाय घरचा स्वयंपाक आणि शेत आहेच.

अशाच एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "पूर्वी कुणाचं बाळंतपण सुखरूप झालं की मलाच आनंद व्हायचा. आता फोन वाजला की धस्स होतं. समोरच्या बाईचा रागच येतो. काम सोडून द्यावं म्हणते." रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 8.6. लोहाच्या गोळ्यांनी ते वाढले, चालताना लागणारी धाप गेली. राग मात्र तसाच राहिला. मग त्यांच्या यजमानांना बोलावून घेतले. पाणी भरणे आणि मुलांचा अभ्यास त्यांनी पत्करला. शेजारच्या आशाताईंशी बोलून रात्रीचे फोन दोघींनी आळीपाळीने घ्यायचे ठरवले. तीन महिन्यांनी ताई आल्या त्या एका गरोदर बाईला सोबत घेऊन. काम त्यांनी सोडले नाही.

काय करावे?

1) आधी तपासणी. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड आणि गरजेप्रमाणे बी-12 तपासून घ्या. स्त्रियांत हिमोग्लोबिन 12 पेक्षा आणि पुरुषांत 13 पेक्षा कमी म्हणजे रक्त कमी. दरवेळी मनालाच दोष देऊ नये.

2) ओझे कमी करा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जूही ठेवत नाही. नुसता खांदा चोळून भागत नाही, जू उतरावे लागते. आपली कामे कागदावर लिहा : मलाच करावी लागणारी, दुसऱ्याला देता येणारी आणि न केली तरी चालणारी. दुसऱ्या यादीतले एक काम याच आठवड्यात घरच्यांकडे सोपवा.

3) झोप. रोज किमान सात तास. चहाचा अंमल बरेच तास राहतो, म्हणून संध्याकाळनंतर चहा नको. तंबाखू आणि मिश्रीने तरतरी आल्यासारखे वाटते, पण झोप बिघडते.

4) आहार आणि चालणे. घरच्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाण्याची सवय बायकांनी सोडावी. भाकरीबरोबर डाळ, उसळ, पालेभाजी आणि लिंबाची फोड असावी. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास मोकळ्या हवेत चाला. शेतातली मेहनत असेल, तर चालण्याऐवजी तो अर्धा तास विसावा घ्या.

5) घाई नको. वर्षांचा थकवा आठ दिवसांत जात नाही. काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात.

हे ओळखा

कामापासून चार दिवस दूर गेल्यावर जीव थोडा हलका होत असेल, तर बहुधा हा कामाचा थकवा. पण दोन आठवडे सतत उदास वाटते, सणावारात नातवंडांतही मन रमत नाही, जगणे नको वाटते, अशा वेळी ते नैराश्य असू शकते. त्यावर औषधे आहेत आणि माणसे बरी होतात. जिल्हा रुग्णालयात दाखवा किंवा 14416 हा 'टेली-मानस'चा क्रमांक फिरवा. 2022 पासूनची ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार कुणी बोलून दाखवला, तर त्याला एकटे सोडू नका.

घरातले जे माणूस सगळ्यांचे करते, ते स्वतःहून तक्रार करत नाही. आज रात्री जेवताना त्याला एवढेच विचारा, "तुझं कोणतं काम उद्यापासून मी करू?" आणि जे सांगेल ते खरोखर करा.