अंगणातली खतावणी

संक्रांत जवळ आली की आमच्या अंगणातला बदाम लाल होतो आणि गळायला लागतो. हा आपला देशी बदाम, हातभर रुंद सावलीच्या पानांचा. शेजारी वडिलांनी लावलेला रायवळ आंबा आहे. तो बारा महिने थोडाथोडा गळतच असतो. कोपऱ्यातला कडुलिंब मात्र वर्षाचा हप्ता फाल्गुन-चैत्रात एकरकमी भरतो. पुण्यातल्या एका जुन्या वसाहतीतलं आमचं हे बैठं घर. अंगण लहान, झाडं तीन आणि पाचोळा रोज दोन घमेली.

त्या पाचोळ्याचं काय करायचं हा प्रश्न मला तीस वर्षं कधी पडलाच नाही. झाडून कोपऱ्यात ढीग करायचा आणि संध्याकाळी काडी लावायची. बँकेत होतो तोवर हा रविवारचा कार्यक्रम होता, निवृत्तीनंतर रोजचा झाला. खुर्ची टाकून त्या धुराशेजारी बसलं की कादंबरीतली माणसं सुचतात, असंही मी चारचौघांत सांगत असे. "अहो, दोरीवरच्या कपड्यांना वास लागतो," ही आमच्या सौ.ची तक्रार मी वरिष्ठ अधिकाऱ्याच्या थाटात केव्हाच निकाली काढली होती.

२०२३च्या संक्रांतीला तिळगूळ घेऊन शेजारी गेलो. संध्याकाळची वेळ, तरी घराच्या सगळ्या खिडक्या बंद. आमच्या बाजूच्या खिडकीच्या फटींवर तर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवलेल्या. त्यांचा सात वर्षांचा नातू नाकातोंडावर मुखवटा धरून औषधाची वाफ घेत बसला होता. "दम्याचा त्रास आहे त्याला, थंडीत जरा वाढतो," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी विषय बदलला. मुलं विषय बदलत नाहीत. मुखवटा बाजूला करून त्यानं मला विचारलं, "आजोबा, आज तुम्ही पेटवणार आहात का? नसाल तर मी अंगणात खेळतो."

वहिनींनी त्याला दटावलं आणि मला म्हणाल्या, "लहान आहे हो तो, मनावर घेऊ नका." तिळगूळ हातात तसाच राहिला. गोड बोला, असं ही दोन घरं एकमेकांना वर्षानुवर्षं सांगत आली होती. त्यांनी ते जरा जास्तच पाळलं होतं.

त्या मुलाचा दमा माझ्या ढिगानं जडला, असं कोणी म्हणालं नाही. धुरानं तो उसळतो, एवढं मात्र त्यांचे डॉक्टर सांगत आले होते. पाचोळा भडकून जळत नाही, धुमसत राहतो, आणि अर्धवट जळण्यानंच धूर जास्त होतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे अतिसूक्ष्म कण असतात. थंडीतल्या संध्याकाळी हवा जड असते, तो वर जात नाही. कुंपणाच्या उंचीवरच पसरतो. सात वर्षांच्या मुलाचं नाक साधारण त्याच उंचीवर असतं.

कायद्याच्या बाजूनंही मी थकबाकीदारच निघालो. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये भरायला लावावेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६मध्येच दिला होता. बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवावा, असं त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं. इतरांच्या कर्जाचे नियम तोंडपाठ असणाऱ्या मला हे ठाऊक नव्हतं.

मनाशी मी एक बचाव करून पाहिला. आमच्या कोकणातल्या घरीही पातेरा जळायचाच की! पण आठवू लागलो तसा तो बचाव ढासळला. खळ्यातला पातेरा आधी गोठ्यात गुरांच्या पायाखाली जाई आणि शेणमुतासकट उकिरड्यात, तिथून शेतात. उरलेला न्हाणीच्या चुलीत. त्यावर दहा माणसांच्या आंघोळीचं पाणी तापे, राख भांड्यांना आणि माडाच्या आळ्यात जाई. त्या धुराचाही त्रास होई, आजीचे डोळे कायम लाल असत. पण निदान त्या आगीला काही काम होतं. माझ्या आगीला काय काम होतं? झाडानं वर्षभर जमवलेला नत्र आणि कार्बन मी हवेत सोडत होतो आणि उन्हाळ्यात दुकानातून खताची पिशवी विकत आणत होतो. घरातली ठेव मोडून बाहेरून व्याजानं पैसे आणणाऱ्या खातेदाराला मी काय सांगितलं असतं?

मग पोत्यात भरून कचरा नेणाऱ्या ताईंच्या हवाली करावा, असं वाटलं. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था २००८पासून घरोघरचा कचरा उचलते आहे. "काका, हे एवढालं पोतं ढकलगाडीत ठेवलं तर बाकीच्या घरांचं कुठं ठेवू?" ताई म्हणाल्या. बरोबरच होतं. आणि तिथून पुढे तरी कुठे? या शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी गेला. २०१७च्या उन्हाळ्यात तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या तेव्हा आम्ही चार दिवस नाक धरलं, इतकंच. शेजारच्या मुलाच्या छातीतून काढून तोच बोजा दुसऱ्या गावावर टाकणं म्हणजे खातं बदलणं झालं, फेड नव्हे.

तेव्हा आपल्या कुंपणात पडलं ते कुंपणातच जिरवायचं, असं ठरवलं. कल्पना नवी नव्हती. प्रा. श्री. अ. दाभोलकरांच्या 'प्रयोग परिवारा'नं पालापाचोळ्यातून माती घडवायचं वेड महाराष्ट्रात कितीतरी आधी पसरवलं होतं. मीच उशिरा पोचलो होतो.

पहिला खड्डा फसला. नुसती आंब्याची पानं दाबून भरली. तीन महिन्यांनी उकरलं तर सगळी तशीच, कुरकुरीत. दुसऱ्यांदा ओला कचरा भरमसाट घातला. आठव्या दिवशी वास आणि अळ्या. सौ.नं स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. मग हिशेब कळला. कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन आणि नत्र साधारण तिसास एक या प्रमाणात लागतात. सुक्या पानात कार्बन फार, भाजीच्या देठांत नत्र त्या मानानं जास्त. दोन्ही बाजू जुळल्या की ताळेबंद जमतो.

आता माझी रीत ठरली आहे. लोखंडी जाळीचं तीन फूट उंच, तीन फूट रुंद पिंप केलं आहे. जमिनीवरच ठेवलेलं, भिंतीपासून दूर, म्हणजे वाळवीची भीती नको. तळाला काटक्या, हवा खेळायला. त्यावर वीतभर पाचोळा, पातळ थर ओल्या कचऱ्याचा, मूठभर जुनं खत किंवा शेणकाला, आणि पुन्हा पाचोळा. सगळ्यात वर नेहमी सुकीच पानं. ओल किती? पिळलेल्या फडक्याइतकी. पंधरा दिवसांनी खालीवर करायचं. आंब्याची आणि बदामाची जाड पानं आधी पायाखाली चुरायची. हे काम मुलं आनंदानं करतात. वास आला तर सुकी पानं वाढवायची, काहीच घडत नसेल तर पाणी आणि ओला कचरा. पावसाळ्यात वर झाकण. चार-पाच महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचं खत मिळतं. कीड लागलेली पानं आणि बी धरलेलं तण मात्र यात घालू नये.

एवढाही खटाटोप नको असेल तर पानं झाडांच्या आळ्यात तीन-चार इंच पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. माती गार राहते, पाणी कमी लागतं. सदनिकेत राहणाऱ्यांनी गच्चीवर बाग करणारं घर शोधावं; त्यांना सुकी पानं हवीच असतात. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ घालून देणारा 'ब्राउन लीफ'सारखा उपक्रम पुण्यात उभा राहिला, तो याच गरजेतून.

पहिलं खत निघालं तेव्हा एक बादली घेऊन शेजारी गेलो. माफी मागायची असं घरून ठरवून निघालो होतो, तोंडातून निघालं ते, "गुलाबाला घाला, चांगलं आहे." वहिनींनी बादली घेतली. थोडं थांबून म्हणाल्या, "धुराचा फार त्रास व्हायचा हो." मी म्हणालो, "आधी का नाही सांगितलंत?" त्यावर त्या नुसत्या हसल्या. कुंपणापलीकडच्या माणसाला सांगता येईल असा मी नव्हतो, हे उत्तर त्यात होतं.

गेल्या पावसाळ्यात झाकण उडालं, पिंपात पाणी शिरलं आणि मला पत्ता नव्हता. सकाळी कुंपणावरून वहिनींची हाक आली, "भाऊजी, तुमच्या ढिगाला वास मारतोय, बघा जरा!" खिडकी उघडी होती, फटींवरच्या पट्ट्या कधीच निघाल्या होत्या. मी लगेच सुक्या पानांचं घमेलं उचललं. इतकी वर्षं बँकेत तक्रारी ऐकल्या, पण एखादी ऐकून बरं वाटल्याची ही पहिलीच वेळ.