संगणकाची भिंत आणि तिचें दार

घरांत दोन संगणक असले म्हणजे एकावरील छायाचित्रें वा हिशेबाचे कागद दुसऱ्यावर पाहण्याची गरज लवकरच भासूं लागते. दोन्ही यंत्रें एकाच वायफायवर असतात, फोल्डरहि सामायिक केलेला असतो; तरी पलीकडचा संगणक कांहीं केल्या सांपडत नाहीं. अशा वेळीं त्रासलेला गृहस्थ फायरवॉल समूळ बंद करतो आणि काम झाल्यावर ती पुन्हां चालू करण्यास विसरतो. ही चूक क्षुल्लक नव्हे.

फायरवॉल म्हणजे मूळ अर्थानें आग अडविणारी भिंत. संगणकांतील भिंत मात्र विटांची नसून नियमांची असते. बाहेरून येणारी प्रत्येक मागणी ‘पोर्ट’ नांवाच्या क्रमांकित दारावर येते. कोणतें दार कोणासाठीं उघडावें, हें नियम ठरवितात. विंडोज प्रणालींत फाइलींची देवघेव मुख्यतः 445 क्रमांकाच्या दारानें चालते.

हें दार असुरक्षित राहिल्यास काय होतें, तें 12 मे 2017 रोजीं दिसून आलें. ‘वॉनाक्राय’ नांवाचा घातक प्रोग्राम याच दारानें एका संगणकांतून दुसऱ्यांत शिरला. फाइलींना कुलूप घालून तो खंडणी मागे. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत हजारों रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. मायक्रोसॉफ्टनें त्यावरील दुरुस्ती मार्च महिन्यांतच दिली होती. परंतु अनेकांनीं ती बसविलीच नव्हती.

तात्पर्य, भिंत पाडूं नये. एकच दार, तेंहि घरच्यांपुरतें उघडावें. प्रथम घरचें नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदवावें आणि त्यासाठीं ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ चालू करावी. नंतर फायरवॉलच्या परवानगीच्या यादींत ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ यापुढें केवळ ‘प्रायव्हेट’ या रकान्यांत खूण करावी. ‘पब्लिक’चा रकाना रिकामा ठेवावा. म्हणजे तोच संगणक उपाहारगृहांत वा रेल्वे स्थानकावर नेऊन तेथील नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदविलें, कीं हें दार आपोआप बंद राहतें. फोल्डरला पासवर्ड असावा, आणि ज्याला केवळ वाचावयाचें आहे त्याला बदल करण्याचा अधिकार देऊं नये. राउटरमधून मात्र 445 चें दार बाहेरच्या इंटरनेटला कधींहि उघडूं नये.

शेजाऱ्याला वाटी देण्यासाठीं कोणी घराची भिंत पाडीत नाहीं. दार उघडतो, वाटी देतो आणि कडी लावतो. संगणकाच्या बाबतींतहि शहाणपण याहून निराळें नाहीं.