ओस पडलेल्या मोटारपेढ्या व त्यांचीं दप्तरें

ताम्रपट, शिलालेख, सनदा व पोथ्या यांच्या विचारास वाहिलेल्या या पृष्ठांवर मोटारगाड्या विकणाऱ्या पेढ्यांचा विषय पाहून कांहीं वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु ज्या वास्तूचें प्रयोजन संपलें, जिचे चालक पांगले व जिचें दप्तर रद्दीच्या भावानें जाण्याच्या बेतांत आहे, ती वास्तु संशोधकाच्या अधिकारांतलीच होय. मग ती सातशें वर्षांपूर्वींची असो कीं सत्तर वर्षांपूर्वींची. आपल्या कारखानदारीच्या गांवीं अशा पेढ्या, म्हणजे हल्लीं ज्यांस शोरूम म्हणतात त्या, बंद पडलेल्या आढळतात व त्या पाहून अनेकांचें मन हळवें होतें. या इमारती ओस कां पडल्या, हा हळवेपणा नेमका कशाबद्दलचा आहे आणि त्यांतून जपून ठेवण्यासारखें काय आहे, एवढ्याच तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

ओस वास्तूविषयींची हुरहुर आपल्या वाङ्मयास नवी नाहीं. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गांत उजाड अयोध्येचें वर्णन आहे. सर्व नष्ट झालें, एवढेंच सांगून कालिदास तेथें थांबत नाहीं. प्रत्येक स्थळाचा पूर्वींचा उपयोग व आजची दशा तो शेजारीं शेजारीं मांडतो. शोक उत्पन्न होतो तो या जोडणीमुळें. संशोधकासहि हीच रीति उपयोगी आहे. इमारतीचा एकेक भाग कशासाठीं होता हें समजल्यावांचून ती ओस पडली म्हणजे काय झालें, हें समजत नाहीं.

या व्यापाराचा आरंभ थोडक्यांत असा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत परदेशांतून तयार मोटारी मुंबई बंदरीं उतरत. मुंबईंतील त्यांचा व्यापार पुढें ऑपेरा हाउस, ह्यूजेस रोड व गिरगांव चौपाटीच्या आसमंतांत एकवटला. कांहीं पेढ्यांचा उगम सायकलींच्या धंद्यांत होता. १९१९ सालीं स्थापन झालेल्या ‘बॉम्बे सायकल अँड मोटर एजन्सी’ या पेढीच्या नांवांतच तो इतिहास सांठविलेला आहे. १९२६ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या कॅनडा येथील शाखेमार्फत हिंदुस्थानांत कंपनी स्थापली व सुटे भाग येथें आणून गाड्या जोडण्याचें काम हातीं घेतलें. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें शिवडी येथें असाच कारखाना काढून शेवरलेट गाड्या बाहेर आणल्या. सुटे भाग बोटीनें यावयाचे, गाडी येथें जोडावयाची व ती खपविण्यासाठीं ठिकठिकाणीं मुखत्यार, म्हणजे एजंट, नेमावयाचे, अशी ही व्यवस्था होती. मोटारपेढी ही स्वतंत्र वास्तु म्हणून उदयास आली ती या व्यवस्थेमुळें.

अशी इमारत ओळखण्याच्या खुणा आहेत. वाण्याचें दुकान रस्त्यापासून एक-दोन पायऱ्या उंच असतें. मोटारपेढीस पायरी नसते, उतार असतो, कारण आंत यावयाचें तें चाकांवर. दर्शनीं मोठी कांच व तिच्यामागें मध्यें खांब नसलेलें दालन. खांब टाळावयाचा तर तुळई भक्कम हवी, म्हणून जुन्या पेढ्यांत लोखंडी तुळया व पुढच्या काळांत सिमेंट-काँक्रीट आढळतें. दालनाची फरशी गुळगुळीत. मागच्या दुरुस्तीशाळेंत मात्र शहाबादी लादी किंवा नुसता कोबा, व त्यांत मुरलेलें काळें तेल. तेथेंच, माणसानें उभें राहून गाडीच्या पोटाखालीं काम करावें असा लांबट खड्डा. बाजूस पोटमाळा, व त्यावर सुट्या भागांचे खण. पुष्कळदां मालकाचें नांव कठड्यावर सिमेंटच्या उठावदार अक्षरांत असतें आणि गाडीचें नांव पत्र्याच्या पाटीवर. मालक स्थिर व गाडी बदलणारी, असा त्यांतील समज. इमारतीचें पुढें मंगल कार्यालय झालें किंवा लांकडी सामानाचें दुकान झालें, तरी रस्त्याकडील उतार व बुजविलेल्या खड्ड्याचा फरशीवरील लांबट सांधा सहसा पुसला जात नाहीं.

आतां या पेढ्या ओस कां पडल्या तें पाहूं. पहिलें कारण आमच्या जिल्ह्याशीं निगडित आहे. १ जून १९४८ रोजीं अहमदनगर–पुणें मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धांवली. तोंपर्यंत उतारूंची वाहतूक खाजगी मोटारवाल्यांकडे असे, आणि असा मोटारवाला म्हणजे एजंटाचें हक्काचें गिऱ्हाईक. मार्ग क्रमाक्रमानें सरकारी महामंडळाकडे गेले, तसें हें गिऱ्हाईक आटलें. दुसरें कारण याहून मोठें. ज्या कंपन्यांचा गाडी देशांतच बनविण्याचा कार्यक्रम नाहीं, त्यांनीं नुसती जोडणी करीत राहूं नये, असें धोरण टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या शिफारशीनें ठरलें. फोर्ड व जनरल मोटर्स या दोघांनींहि १९५४ पर्यंत आपलें येथील काम आवरलें. उरल्या त्या उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्स, शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेली व कुर्ल्यास कारखाना असलेली प्रीमियर, मद्रासची स्टँडर्ड अशा मोजक्या देशी कंपन्या. ज्याच्या पाटीवर फोर्डचें किंवा शेवरलेटचें नांव होतें, त्या एजंटापुढें दुसऱ्या गाडीची मुखत्यारी मिळविणें किंवा दार लावणें एवढेच मार्ग राहिले.

ज्यांनीं दार लाविलें नाहीं, त्यांच्या पेढीचें स्वरूप पालटलें. पूर्वीं गाडी गिऱ्हाइकाची वाट पाही. आतां गिऱ्हाईक गाडीची वाट पाहूं लागलें. परवान्यांच्या त्या काळांत नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबावें लागे. जी गाडी येण्यापूर्वींच विकली गेली आहे, ती कांचेमागें मांडून कोणास दाखवावयाची? पेढीचा प्राण दर्शनी दालनांतून उठून टेबलावरच्या नोंदवहींत जाऊन बसला. कोणीं कोणत्या दिवशीं नांव घातलें, अनामत किती ठेविली, गाडी केव्हां मिळाली, हें सर्व त्या वहींत असे. सामाजिक इतिहासाचें हें साधन पुढील विवेचनासाठीं वाचकांनीं ध्यानीं ठेवावें.

दुसरी ओसाडी आपल्या डोळ्यांदेखतची आहे. डिसेंबर १९८३ मध्यें मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली, १९९३ सालीं मोटारींच्या धंद्यावरील परवान्याचें बंधन उठलें आणि परदेशी कंपन्या परत आल्या. फोर्ड १९९५ मध्यें महिंद्र कंपनीच्या भागीदारीनें आली. जनरल मोटर्सनें २००८ मध्यें पुण्याजवळ तळेगांव येथें कारखाना उघडला. हमरस्त्यांवर कांच, पोलाद व ॲल्युमिनियमचे पत्रे यांचीं नवीं दालनें उभीं राहिलीं. त्यांचें रूप कंपनी ठरवी, त्यामुळें नगरची पेढी व नागपूरची पेढी यांत दर्शनीं फरक राहिला नाहीं. मग जनरल मोटर्सनें २०१७ सालीं भारतांतील विक्री थांबविली. तळेगांवचें उत्पादन २०२० च्या अखेरीस बंद झालें व तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाई कंपनीनें २०२३ मध्यें केला. फोर्डनें भारतांत मोटारी बनविणें थांबविण्याचा निर्णय सप्टेंबर २०२१ मध्यें जाहीर केला. १९५४ सालीं जीं दोन नांवें पाट्यांवरून उतरलीं, तींच दोन नांवें सहा-सात दशकांनंतर पुन्हां उतरलीं.

येथें नेवाशाचा दाखला देतों. ज्या १९५४ सालापर्यंत त्या दोन कंपन्यांनीं आपला पसारा आवरला, त्याच सालीं डॉ. सांकळिया व त्यांचे डेक्कन कॉलेजांतील सहकारी यांनीं आमच्या गांवच्या लाडमोड टेकडीचें उत्खनन आरंभिलें. वरच्या थरांत मुसलमानी-मराठी काळ, त्याखालीं सातवाहनांचा, त्याहीखालीं ताम्रपाषाणयुगाचा, असा क्रम तेथें लागला. मधल्या ओसाडीचा काळहि थरांवरूनच ठरला. वस्तीप्रमाणें ओसाडीसहि मिति असते, हा त्या उत्खननाचा धडा मोटारपेढीस लागू पडतो. बंद दार पाहून ‘काळ बदलला’ असें म्हणणें हें कारण नव्हे. कोणत्या सालीं दार लागलें हें काढावें, म्हणजे कोणता कायदा, कोणता करार किंवा कोणता निर्णय त्यामागें होता, तें उलगडतें. ओस मोटारपेढी ही मितिबद्ध साधन आहे, असें माझें प्रतिपादन आहे.

मग हळवेपणाचें काय? भरताच्या नाट्यशास्त्रांत स्मृति व औत्सुक्य हे दोन निरनिराळे व्यभिचारी भाव सांगितले आहेत. स्मृति ही अनुभवलेल्या गोष्टीची असते. औत्सुक्य हें इष्ट गोष्ट दूर असल्यामुळें होतें. मोटारपेढीच्या आठवणीनें व्याकुळ होणाऱ्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं त्या काळीं मोटार नव्हती. त्यांची आठवण दालनाच्या आंतली नसून कांचेच्या बाहेरील पदपथावरची आहे. तिला आपण स्मृति म्हणतों, पण शास्त्राप्रमाणें तें औत्सुक्य होय. तें खोटें आहे असें नव्हे. न मिळालेल्या वस्तूची ओढ हाहि त्या काळाच्या मनाचा पुरावाच आहे. मात्र त्या ओढीला फक्त दर्शनी भाग दिसतो. खड्ड्यांत उतरून काम करणारा फिटर, खणांतील भागांचा हिशेब ठेवणारा कारकून, दहा वर्षें नांव टिकवून शेवटीं तें मागें घेणारा गिऱ्हाईक, हे तिला दिसत नाहींत. ते दिसतात दप्तरांत.

म्हणून संग्राहकांस माझी सूचना अशी कीं, इमारतीचें छायाचित्र अवश्य घ्यावें, पण तेवढ्यावर थांबूं नये. मिळवावयाचें तें हें : गाड्यांच्या मागणीची नोंदवही, दुरुस्तीशाळेचीं कामपत्रकें, कामगारांचा हजेरीपट, कंपनीशीं झालेला पत्रव्यवहार, विशेषतः मुखत्यारी मिळाल्याच्या व सुटल्याच्या वेळचा, किंमतपत्रकें व सचित्र माहितीपत्रकें, आणि नव्या गाडीस हार घालून काढलेलीं छायाचित्रें. नोंदवहींतील माणसें किंवा त्यांचे वारस हयात असतील, हें ध्यानांत ठेवून खाजगी नांवें प्रसिद्ध करूं नयेत. येथें एक विपरीत गोष्टहि सांगितली पाहिजे. पहिल्या ओसाडीचे कागद शाईचे आहेत. वाळवीनें खाल्ले नाहींत तर ते अजून वाचतां येतील. दुसऱ्या ओसाडीचे हिशेब संगणकांत होते आणि छापील पावत्या ज्या उष्णतेनें उमटणाऱ्या कागदावर निघत, त्यांचीं अक्षरें थोड्याच वर्षांत उडून जातात. जवळचा थर दूरच्या थराच्या आधीं नाहींसा होण्याचा हा प्रसंग आहे.

अमेरिकेंत डेटन येथें, १९१७ सालीं बांधलेल्या पॅकार्ड गाड्यांच्या पेढींतच त्या गाडीचें संग्रहालय आहे. आपल्याकडे प्रत्येक पेढीचें संग्रहालय होणार नाहीं व तशी आवश्यकताहि नाहीं. ज्ञानेश्वरी ज्या खांबाशीं बसून शके १२१२ मध्यें सांगितली गेली असें परंपरा मानते, त्या नेवाशाच्या खांबावर लेख आहे. त्याचा विषय देवाच्या दिव्याच्या तेलासाठीं दिलेलें दान हा आहे. मूळ वास्तु गेली, आणि तिच्याविषयीं निश्चितपणें बोलणारी जी गोष्ट उरली, ती तेलाच्या हिशेबाची. तो खांब श्रद्धेनें राखिला. मोटारपेढीच्या वह्यांस असा कोणी वाली नाहीं. तेव्हां प्रत्येक वाचकानें आपल्या गांवच्या अशा एका तरी इमारतीचीं मापें घ्यावीं, दार उघडल्याचें व लागल्याचें साल लिहून काढावें, आणि मालकाच्या वारसांकडे माळ्यावरील कागदांची चौकशी रद्दीवाल्याच्या आधीं करावी.