सामाजिक न्याय, मतभेद आणि आठवी आज्ञा

६ जून २०२३ रोजी, शिवराज्याभिषेकदिनी, कोल्हापुरातील काही तरुणांनी मोबाईलवर आक्षेपार्ह ‘स्टेटस’ ठेवल्याची वार्ता शहरभर पसरली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारण्यात आला. जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला आणि इंटरनेट सेवा काही काळ खंडित ठेवावी लागली. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी ज्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी नोकरीच्या पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच नगरीत हे घडले.

आपल्या समाजाचा या प्रकरणाशी संबंध नव्हता, हे खरे. परंतु आपल्याच मोबाईलमध्ये काय चालते?

फादर स्टॅन स्वामी यांचे उदाहरण घ्या. झारखंडमधील आदिवासींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या या येशूसंघीय धर्मगुरूंना भीमा-कोरेगाव प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाली. कंपवाताने ग्रासलेले फादर तळोजा कारागृहात होते. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, जामिनाचा निर्णय होण्याआधीच मुंबईच्या इस्पितळात त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोप न्यायालयात सिद्ध झाले नव्हते. तरीही आपल्यातील काहींना ते हुतात्मा वाटले, तर काहींना धर्मगुरूने वेदी सोडून अशा कार्यात पडूच नये असे वाटले. येथवर ठीक. पुढे मात्र एका बाजूने ‘देशद्रोही’ आणि दुसऱ्या बाजूने ‘सत्तेचे भाट’ अशी विशेषणे फिरू लागली, आणि ती पाठविणारे रविवारी एकाच मिस्साला उपस्थित होते!

यातील मतभेद ख्रिस्तसभेला मान्य आहेत काय? निश्चितच आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजातील ४३ वा परिच्छेद याविषयी स्पष्ट आहे. ऐहिक प्रश्नांवर दोन प्रामाणिक श्रद्धावंत वेगवेगळ्या निष्कर्षांवर येऊ शकतात. मात्र आपलेच मत हेच ख्रिस्तसभेचे मत, असा दावा दोघांपैकी कोणीही करू नये. धर्मगुरूंबाबत कॅनन कायद्याचे २८७ वे कलम वाचावे. न्यायावर आधारलेली शांती व सलोखा वाढविणे हे त्यांचे कर्तव्य मानले आहे; सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे तो राजकीय पक्षांतील सक्रिय सहभाग. तेव्हा ‘फादरांनी फक्त मिस्सा करावी’ हे म्हणणे टिकत नाही. वसईची हिरवाई वाचविण्यासाठी उभे राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वाटेने गेले. पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला, धमक्याही आल्या. जानेवारी २०२० मध्ये पाठदुखीने त्रस्त असतानाही ते संमेलनास गेले. (२५ जुलै २०२४ रोजी ते प्रभुघरी गेले.) त्यांची मते न पटणाऱ्यांना ती खोडून काढण्याची मोकळीक होती, पण धमकी म्हणजे काही खंडन नव्हे.

मतभेद पापात कोठे शिरतो, हे आठव्या आज्ञेच्या विवेचनात, धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४७७ व्या परिच्छेदात सापडते. पुरेशा आधाराविना शेजाऱ्याचा दोष मनोमन खरा मानणे, हे पहिले. खरा असलेला दोष सबळ कारण नसताना इतरांना सांगणे, हे दुसरे; ‘खरे तेच पाठवले’ ही सबब येथे संपते. आणि असत्य सांगून नाव खराब करणे, हे तिसरे. पुढे पाठविलेल्या एका संदेशात तिन्ही सहज सामावतात.

एका तरुणाने मला विचारले, “फादर, चुकीचा मजकूर मी सर्वांच्या मोबाईलवरून पुसून टाकला. एवढे पुरे ना?” पुरे नाही. झालेल्या हानीची भरपाई करावी लागते. त्याच गटात, त्याच लोकांसमोर, ‘मी पाठवलेले खोटे होते’ असे लिहावे लागते. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पण तोवर तो मजकूर कितीतरी गटांत गेला असेल.”