मेड्युलरी थायरॉइड कर्करोग

मेड्युलरी थायरॉइड कर्करोग हा अवटु ग्रंथीचा, म्हणजेच थायरॉइड ग्रंथीचा, एक दुर्मीळ कर्करोग आहे. थायरॉइडच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे ३ ते ५ टक्के मानले जाते. १९५९ मध्ये हॅझर्ड, हॉक आणि क्राइल यांनी त्याचे स्वतंत्र प्रकार म्हणून वर्णन केले.

उगम

थायरॉइडचे बहुतेक कर्करोग संप्रेरके तयार करणाऱ्या पुटक पेशींपासून होतात. हा कर्करोग मात्र कॅल्सिटोनिन स्रवणाऱ्या सी-पेशींपासून होतो. त्यामुळे त्याचे निदान व उपचार वेगळे ठरतात.

लक्षणे व निदान

मानेत न दुखणारी गाठ हे नेहमीचे लक्षण होय. आजार वाढल्यावर आवाज घोगरा होणे, गिळण्यास त्रास होणे किंवा वारंवार जुलाब होणे, असे त्रास उद्भवू शकतात. सोनोग्राफीनंतर बारीक सुईने गाठीतील पेशी काढून तपासतात. ही तपासणी काही वेळा अनिर्णित राहते. अशा वेळी रक्तातील कॅल्सिटोनिनची वाढलेली पातळी निदानास साहाय्यभूत ठरते.

आनुवंशिकता

सुमारे २५ टक्के रुग्णांत हा रोग आनुवंशिक असतो. त्यास दहाव्या गुणसूत्रावरील रेट जनुकातील उत्परिवर्तन कारणीभूत असल्याचे १९९३ मध्ये स्पष्ट झाले. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास हा दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून कुटुंबात रोग नसला तरी प्रत्येक रुग्णाची जनुकीय चाचणी करण्याची शिफारस केली जाते. दोष आढळलेल्या बालकांत कर्करोग होण्यापूर्वीच ग्रंथी काढून टाकतात; सर्वाधिक धोक्याच्या उत्परिवर्तनात ही शस्त्रक्रिया वयाच्या पहिल्या वर्षातच सुचवली जाते.

उपचार

संपूर्ण ग्रंथी व मानेतील लगतच्या लसीका ग्रंथी काढणे हा मुख्य उपचार आहे. आनुवंशिक प्रकारात अधिवृक्क ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा ही गाठ असू शकते. ती लक्षात न आल्यास शस्त्रक्रियेदरम्यान रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत वाढतो. त्यामुळे तिची तपासणी आधी करतात आणि आढळल्यास प्रथम तीच काढतात. सी-पेशी आयोडीन शोषत नसल्याने इतर प्रकारांत उपयोगी पडणारा किरणोत्सारी आयोडीनचा उपचार येथे निष्प्रभ ठरतो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णास लिव्होथायरॉक्सिन आयुष्यभर घ्यावे लागते.

पसरलेल्या रोगासाठी अमेरिकेत व्हँडेटॅनिब या औषधास २०११ मध्ये, कॅबोझँटिनिबला २०१२ मध्ये आणि रेट जनुकातील दोषावर नेमकेपणाने काम करणाऱ्या सेल्परकॅटिनिबला २०२० मध्ये मान्यता मिळाली. उपचारांनंतर कॅल्सिटोनिनची पातळी ठरावीक काळाने तपासतात. ती पुन्हा वाढू लागणे हे रोग उलटल्याचे किंवा शिल्लक असल्याचे चिन्ह मानले जाते.