दुसऱ्याचें पत्र

आमच्या बालपणीं घरांत वीस माणसें नांदत. परंतु दुसऱ्याच्या नांवाचें पाकीट कोणी फोडीत नसे. परवां भोजनसमयीं धाकट्या चिरंजीवांनीं पुतणीचा उघडा राहिलेला मोबाईल उचलून तिच्या मैत्रिणीचा निरोप सर्वांसमक्ष वाचून दाखविला. सारे हंसले, आम्हीही हंसलों. नात भरल्या पानावरून उठून गेली. “लपविण्यासारखें त्यांत होतें तरी काय?” असें चिरंजीव म्हणाले.

प्रश्न लपविण्याचा नव्हेच. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति के. एस. पुट्टस्वामी यांनीं २०१२ सालीं, वयाच्या ८६ व्या वर्षीं, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. त्याच प्रकरणीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा राज्यघटनेनें दिलेला मूलभूत अधिकार आहे. आपलें कोणतें वृत्त कोणास कळवावें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें.

सरकारला न्यायालय आवरील. परंतु घरांतील वडीलधाऱ्यांस कोण आवरणार? सुज्ञ वाचकहो, तेथें आपला विवेकच न्यायाधीश.

त्या रात्रीं चिरंजीवांनीं पुतणीची क्षमा मागितली. हंसल्याबद्दल आम्हींही मागितली.